शनिवार-रविवारची रिट्रीट आणि सोमवारची सकाळ

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे. श्रोत्यांनी विचारलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



या मालेत आपण खेळाडूच्या शरीराबद्दल बोललो, झोपेबद्दल बोललो, हरण्याबद्दल बोललो. आज जरा आडवाटेला जाऊ. विषय असा आहे. अमेरिकेत कॉलेजसाठी खेळणारा एखादा खेळाडू शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये बसतो, डोंगरातल्या किंवा तळ्याकाठच्या एका ख्रिस्ती शिबिराला जातो आणि रविवारी दुपारी परत येतो. सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस तास. परत आल्यावर तो सांगतो की माझी आध्यात्मिक वाढ झाली. आता आपला प्रश्न. वाढ झाली म्हणजे नेमकं काय झालं? चाळीस तासांत माणूस बदलतो का? आणि बदलला, तर ते ओळखायचं कसं?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही इथे कुणाला कुठल्या धर्माकडे वळवायला उभे नाही, आणि कुणाच्या श्रद्धेची टिंगल करायलाही नाही. एक गोष्ट आतून कशी चालते, एवढंच बघायचं आहे.

आकड्यांत राहणारी मुलगी

समजा, एक मुलगी आहे. ही खरी कुणी नाही, बऱ्याच जणींची मिळून आम्ही उभी केलेली आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आठशे मीटर धावते. शिष्यवृत्ती मिळाली तीही धावण्यावरच.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा मोठा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिच्या वरच्या गटातला नियम असा की हंगामात सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नको, दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. कागदावर ठीक दिसतं. पण बसचा प्रवास यात धरत नाहीत. दुखऱ्या पायाला शेक देण्यात, फिजिओकडे जाण्यात जाणारा वेळही धरत नाहीत. वर अभ्यास आहेच.

वेळ कमी पडतो, ही तक्रार सगळ्यांचीच असते. हिची खरी अडचण निराळी आहे. हिच्या आयुष्यात सगळं मोजलेलं आहे. धावण्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. नाडीचे ठोके, झोपेचे तास, वजन, संघातला क्रमांक. कुणी विचारलं, तू कोण? तर उत्तर तयार असतं: मी दोन मिनिटं आठ सेकंदवाली. हळूहळू आकडा म्हणजेच मी, असं होऊन बसतं.

याला मानसशास्त्रात नाव आहे, खेळाडू म्हणून असलेली ओळख. १९९३ साली ब्रूअर, व्हॅन रॉल्टे आणि लिंडर यांनी ती मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता की ही ओळख म्हणजे हर्क्युलिसचे दंड आहेत की अकिलीसची टाच? म्हणजे ताकद आहे की नेमकं मर्मस्थान? दोन्ही आहे. जोवर पाय चालतात तोवर ताकद. पाय थांबला की तीच टाच.

आणि पाय थांबतो हो. एनसीएए स्वतःच सांगते की कॉलेजच्या खेळाडूंपैकी पुढे व्यावसायिक होणारे दोन टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना बाविशी-तेविशीतच या प्रश्नाला सामोरं जायचं असतं: खेळ संपला, आता मी कोण?

आपल्या मुलीचा तो दिवस जरा लवकर आला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने धावायचं नाही. संघ सरावाला जातो, ही काठावर पाण्याच्या बाटल्या भरते. अशा वेळी खोलीत सोबत राहणारी मैत्रीण म्हणते, आमचा गट या शनिवार-रविवारी रिट्रीटला चाललाय, येतेस का? ही म्हणते, येते. श्रद्धेपोटी येते असं नाही. खोलीत एकटीला बसवत नाही, म्हणून येते.

मागे हटणं

रिट्रीट या शब्दाचा अर्थ मागे हटणं. आपल्याकडे वसईच्या, अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती समाजातही रिट्रीट हाच शब्द रुळला आहे. कल्पना मात्र जुनी आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रसंग आहे. शिष्य गावोगाव फिरून आलेत, लोकांची इतकी वर्दळ की जेवायलाही सवड नाही. तेव्हा येशू त्यांना सांगतो की चला, जरा बाजूला एकांतात जाऊ आणि विसावा घेऊ. लक्षात घ्या, शिष्य काम करून आलेत, चांगलं करून आलेत. तरी तो त्यांना बाजूला नेतो.

पुढे या बाजूला जाण्याला पद्धतशीर रूप देणारं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे इग्नेशियस लोयोला. त्याची गोष्ट आमच्या आजच्या विषयाशी फार जवळची आहे. हा स्पेनमधला दरबारी शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला. हाड नीट बसलं नाही, गुडघ्याखाली वर आलं. घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून त्याने ते हाड कापून घेतलं, भूल नसताना! शरीर कसं दिसतं याचा इतका अभिमान. खेळाडूला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग महिनोन् महिने अंथरूण. वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एकात तो मोठा सरदार होऊन एका उमरावस्त्रीला जिंकतोय. दुसऱ्यात तो संतांसारखा अनवाणी चालत जेरुसलेमला निघालाय. दोन्ही स्वप्नं बघताना मजा सारखीच. पण एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं पडतं. दुसरं सरल्यावरही समाधान मागे राहतं.

मंडळी, आजच्या व्याख्यानाची किल्ली ही आहे. अनुभव चालू असताना कसा वाटतो, यावर त्याने विसंबायचं सोडलं. तो सरल्यावर मागे काय राहतं, ते बघायला लागला. १५२२ मध्ये मान्रेसा गावाजवळ राहून त्याने स्वतःवर जे प्रयोग केले, त्यांतून पुढे त्याच्या आध्यात्मिक साधनेचं पुस्तक झालं. १५४८ साली पोपने त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची. शनिवार-रविवारची कॅथलिक रिट्रीट ही बहुतेकदा तिचीच आटोपशीर नातवंडं.

कोल्हापूरचा एक धागा

अमेरिकन कॉलेजांतल्या प्रोटेस्टंट शिबिरांचा धागा निराळा आहे, आणि तो चक्क कोल्हापुरातून जातो. रॉबर्ट वाइल्डर हा मिशनरी घरातला मुलगा १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला ड्वाइट मूडी या प्रसिद्ध प्रवचनकाराने कॉलेजच्या मुलांचं शिबिर भरवलं. अडीचशे मुलं, जवळपास महिनाभर. वाइल्डर तिथे प्रत्येकाला गाठून बोलत होता. शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी दाखवली. त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली.

खेळाचा संबंध कुठे? त्याच वर्षी अमेरिकन कॉलेजांत जे. ई. के. स्टड नावाचा एक इंग्रज फिरत होता. हा केंब्रिजचा क्रिकेट कर्णधार. त्याचा भाऊ सी. टी. स्टड १८८२ च्या त्या गाजलेल्या ओव्हल कसोटीत इंग्लंडकडून खेळला होता, आणि १८८५ मध्ये क्रिकेट सोडून मिशनरी म्हणून चीनला गेला होता. कॉर्नेलमध्ये स्टडचं भाषण ऐकायला जॉन मॉट नावाचा विद्यार्थी उशिरा पोहोचला आणि कानावर पडलेल्या दोन-तीन वाक्यांनी हलला. त्या वाक्यांचा मथितार्थ असा की स्वतःसाठी मोठेपणा शोधत असशील तर शोधू नकोस. मॉट माउंट हर्मनच्या शिबिराला गेला. पुढे १९४६ साली त्याला शांततेचं नोबेल मिळालं. क्रिकेटचा कर्णधार बोलतोय म्हणून मुलं गोळा होतात, हे मात्र तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

तिथून पुढे १९५४. ओक्लाहोमातला डॉन मॅक्लॅनन हा बास्केटबॉलचा प्रशिक्षक. त्याच्या मनात आलं की खेळाडू दाढीच्या साबणाची जाहिरात करतात, मग श्रद्धेबद्दल का बोलू नये? त्याने नामवंत खेळाडूंना पत्रं लिहिली. बेसबॉलमधला मोठा माणूस ब्रँच रिकी पाठीशी उभा राहिला. हा तोच रिकी, ज्याने जॅकी रॉबिन्सनला घेऊन बेसबॉलच्या वरच्या लीगमधली वर्णबंदी मोडली. ख्रिस्ती खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि १९५६ मध्ये कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कला तिचं पहिलं मोठं शिबिर भरलं. आज तिचे गट शाळा-कॉलेजांत आहेत. गटाला 'हडल' म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन चालींच्या मध्ये खेळाडू डोकी जोडून कडं करतात ना, ते हडल.

दाढीच्या साबणाची ती तुलना ध्यानात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

शुक्रवार रात्र: आधी झोप

आता आपल्या मुलीकडे येऊ. बस पोहोचली. लाकडी खोल्या, एकावर एक खाटा. बऱ्याच ठिकाणी फोन एका टोपलीत गोळा करतात. मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळही काढून ठेवायला सांगतात. पहिल्या रात्री थोडी गाणी, थोडी प्रार्थना, आणि झोप.

झोपेला कमी लेखू नका. बायबलमध्ये एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो मोठं काम करून, मग जिवाच्या भीतीने पळून, रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. यावर देवदूत काय करतो? उपदेश नाही. ताजी भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, झोपतो. पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो. मग चाळीस दिवसांची वाट. आणि मग देवाचा आवाज येतो, तोही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, आगीत नाही, अगदी हलक्या स्वरात. थकलेल्या माणसाला आधी जेवण आणि झोप, अध्यात्म नंतर. चांगली रिट्रीट चालवणाऱ्यांना हा क्रम ठाऊक असतो. रिट्रीटमध्ये खेळाडूंना रडू येतं, त्यातलं काही रडणं हे निव्वळ साठलेल्या थकव्याचं असतं. त्याला लगेच दैवी अनुभव म्हणायची घाई करू नये.

शनिवार: शेवटच्या तासाचा मजूर

शनिवारी सकाळी तासभर एकटं बसायचं. वही, पेन, बायबलमधला एखादा उतारा. ही गोष्ट खेळाडूला फार जड जाते, कारण यात 'चांगलं' बसल्याचा आकडा येत नाही. मी नीट प्रार्थना केली का? कुणापेक्षा बरी केली? उत्तर मिळतच नाही.

त्यानंतर सात-आठ जणांचा छोटा गट. खेळाडूंच्या शिबिरात पौलाचं करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र हमखास निघतं. नवव्या अध्यायात पौल धावण्याची उपमा देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांना ती लगेच कळली असणार. तो म्हणतो की ते धावपटू सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी एवढा संयम पाळतात, आपण न सुकणाऱ्यासाठी पाळतो. मुलांना हे आवडतं. साहजिक आहे, सवयीचंच आहे: कष्ट करा, बक्षीस घ्या. इथेच थांबलं तर मात्र देव हाही आणखी एक प्रशिक्षक होऊन बसतो, वरून वेळ लावणारा.

म्हणून चांगला गटप्रमुख दुसरी गोष्ट काढतो, मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर नाक्यावर जातो, दिवसाला एक दिनार ठरवून माणसं आणतो. नऊ वाजता आणखी, बाराला आणखी, तीनला आणखी. संध्याकाळी पाचला जातो तर काही जण अजून उभेच. का उभे? आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. चला, तुम्हीही या. दिवस सरल्यावर मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी दे, शेवटच्यापासून सुरुवात कर. शेवटच्याला एक दिनार. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला? तोही एकच दिनार.

आपल्या मुलीला हे ऐकून राग येतो. येणारच! ती पहाटे पाचला उठणारी आहे. जिंदगीभर तिला शिकवलंय की जितकं घालशील तितकं मिळेल. ती गटात म्हणते, हा अन्याय आहे. गटप्रमुख समजूत घालत नाही. एवढंच विचारतो, या गोष्टीत तू कोण आहेस?

ती आपसूक स्वतःला पहाटेच्या मजुरांत धरून बसली होती. आणि आता बघते तर दोन महिने तीच नाक्यावर उभी आहे. संघ कामावर गेलाय, तिला कुणी घेत नाही. या घटकेला तिच्याकडे दाखवायला काही नाही, ना वेळ, ना पदक. आणि गोष्ट सांगतेय की पूर्ण दिनार तुलाही आहे.

ख्रिस्ती विचारात याला कृपा म्हणतात. कृपा म्हणजे मेहनतीचं फळ नव्हे आणि सवलतही नव्हे. तुझी किंमत तुझ्या कामावरून ठरलेलीच नाही, हा तिचा अर्थ. श्रद्धा बाजूला ठेवून बघितलं तरी यात माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा या मुलीला कुणी सांगितलं की तू न धावताही पूर्ण आहेस. आध्यात्मिक वाढ, वाढ म्हणतात, तिचं बीज पडलं असेल तर ते इथे, या रागात. संध्याकाळच्या गाण्यांत नव्हे.

शेकोटी आणि तिचा धूर

शनिवारी रात्री शेकोटी. मुलं उठून आपापली साक्ष देतात, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगतात. कुणी रडतं, कुणी मिठी मारतं. गिटार असते. वातावरण असं की दगडालाही पाझर फुटावा. इथे आपण थोडं सावध राहू. तीन गोष्टींबद्दल.

पहिली, ऊब शेकोटीची असते. थकलेली, घरापासून लांबची, एकाच वयाची पन्नास मुलं अंधारात एकत्र गायली की भरून येणारच. त्यात खोटं काही नाही, पण त्यावरून आतला बदल मोजता येत नाही. इग्नेशियसची कसोटी आठवा. सरल्यावर काय राहतं?

दुसरी गोष्ट, दाढीचा साबण. १९७६ साली फ्रँक डेफोर्ड या क्रीडापत्रकाराने स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमध्ये लेखमाला लिहून या सगळ्याला एक खोचक नाव दिलं: स्पोर्टिअ‍ॅनिटी. त्याचं म्हणणं असं की खेळाडूंचं नाव वापरून धर्म विकला जातो, पण खेळातल्याच गैरप्रकारांबद्दल ही मंडळी फारशी बोलत नाहीत. टीका झोंबणारी आहे, पण बिनबुडाची नाही. साक्ष जर नेहमी 'मी प्रार्थना केली आणि आम्ही जिंकलो' अशीच असेल, तर हरलेल्या संघाच्या देवाचं काय? तिकडेही प्रार्थना झालेलीच असते.

तिसरी आणि सगळ्यांत गंभीर, सत्ता. संघात कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवतो. तोच प्रार्थनेला बोलवत असेल तर 'येतोस का' हा प्रश्न मोकळा राहत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एका शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध प्रार्थना करायचा. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला. पण याच प्रकरणात एका खेळाडूच्या वडिलांची तक्रारही पुढे आली होती. मुलगा देव मानत नाही, तरी सामील होतोय, कारण नाही गेलो तर खेळायला कमी मिळेल ही भीती. कायद्याने काय ठरलं ते ठरलं. अशा भीतीतून गुडघे टेकले तर त्याला आध्यात्मिक वाढ कुणीच म्हणणार नाही. म्हणून रिट्रीटला जाण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी: नाही म्हटलं तर चालतं का? आपल्या मुलीला मैत्रिणीने विचारलं होतं, प्रशिक्षकाने नाही. हा फरक लहान नाही.

सोमवार

रविवारी सकाळची उपासना होते, फोन परत मिळतात, बस निघते. सोमवारी सकाळी सहाला ही पुन्हा मैदानाच्या काठावर बाटल्या भरायला उभी. पाय तसाच. आता बघायचं.

वाढ झाली असेल तर ती कशात दिसेल? आमच्या मते अगदी बारीक गोष्टींत. जी मुलगी तिच्या जागी धावतेय, तिची वेळ चांगली आली तर हिच्या पोटात गोळा येतो की ती टाळी वाजवू शकते? डॉक्टरने आणखी दोन आठवडे थांब म्हटलं, तर लपून धावते की थांबते? आईला फोन केल्यावर स्वतःच्या पायाशिवाय दुसरं काही बोलते का? आणि पुढे पाय बरा झाल्यावर, पुन्हा आकडे सुरू झाल्यावर, यातलं किती टिकतं?

या सोमवारचं सगळ्यांत चांगलं उदाहरण एरिक लिडलचं आहे. स्कॉटलंडचा, एडिंबरा विद्यापीठाचा विद्यार्थी, धावपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या. रविवार देवाचा म्हणून तो धावला नाही. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकला. १९८१ च्या 'चॅरिअट्स ऑफ फायर' चित्रपटामुळे एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चित्रपटात त्याला हे जहाजावर चढताना कळतं. खरं तर त्याला ते कित्येक महिने आधी माहीत होतं, आणि तो शांतपणे चारशेच्या तयारीला लागला होता.

आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुढच्याच वर्षी तो चीनला शिक्षक म्हणून गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेहशिएनच्या छावणीत ठेवलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, रविवार सोडून. एका रविवारी मुलं आपली आपणच हॉकी खेळली. पंच नाही, त्यामुळे मारामाऱ्या झाल्या. पुढच्या रविवारी मैदानात पंच म्हणून कोण उभं? एरिक लिडल.

ऑलिंपिकसाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. स्वतःच्या पदकाचा प्रश्न होता तेव्हा नियम धरला. दुसऱ्याच्या पोरांचा प्रश्न आला तेव्हा नियमाच्या आत जे होतं ते धरलं. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. त्या हॉकीला ना प्रेक्षक होते, ना घड्याळ. आध्यात्मिक वाढ याला म्हणायचं, असं आम्हाला वाटतं. ती एका शनिवारी झाली नाही, वीस वर्षांत झाली. रिट्रीट फक्त दिशा दाखवते. चालायचं सोमवारपासून असतं.



प्रश्नोत्तरे

*प्रश्न: हे आपल्या गीतेतलं निष्काम कर्मच झालं ना?*

शेजारचं घर आहे, पण तेच नाही. निष्काम कर्मात करणाऱ्याने फळाची आसक्ती सोडायची. म्हणजे साधना करणाऱ्याची. कृपेच्या विचारात देणाऱ्यावर भर आहे, किंमत आधीच दिलेली आहे, तू फक्त घे. दोन्हींतून खेळाडूची निकालाच्या जाचातून सुटका होऊ शकते. पण एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की दोघांचंही नीट कळत नाही.

*प्रश्न: किंमत कामावर ठरत नाही म्हटलं तर खेळाडू आळशी होणार नाही का? जिद्द कुठून येणार?*

भीती रास्त आहे. पण भीतीपोटी धावणारा आणि आवडीने धावणारा, दोघांची जिद्द बघा. पहिल्याला हरणं परवडत नाही, म्हणून तो दुखणं लपवतो, लवकर मोडतो. लिडलने रविवार सोडला, मेहनत सोडली नाही. आणखी एक उदाहरण देतो. बास्केटबॉल शोधून काढणारा जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस. १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात आला तो प्रार्थनागृह आणि शारीरिक शिक्षण सांभाळायला. तिथल्या बास्केटबॉल संघाचा तोच पहिला प्रशिक्षक, आणि जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला तिथला एकमेव प्रशिक्षकही तोच! पण खेळ आज जगभर खेळतात तो त्याचाच.

*प्रश्न: माझी मुलगी तिकडे शिकते, खेळते. ती अशा रिट्रीटला जाणार म्हणते. पाठवू का, ताई-दादांनी सांगावं.*

काकू, 'पाठवू का' यातच थोडी गफलत आहे. ती मोठी आहे, जाईल. तिला दोन गोष्टी विचारा. नाही म्हटलं तर चालतं का? आणि तिथे कुणी तुझ्यावर काही जाहीर करायचा, काही स्वीकारायचा दबाव आणला तर उठून येशील का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर काळजी नको. आणि ती परत आली की रविवारी रात्री लगेच काही विचारू नका. सोमवार जाऊ द्या, मंगळवार जाऊ द्या. मग सावकाश विचारा, काय राहिलं गं?